हिरवेसाहेब

हिरवेसाहेबांचं खरं आडनाव बागेतल्या कुणालाच ठाऊक नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. असा एक गृहस्थ आता आपल्याकडच्या बहुतेक शहरांत असतो. टेकडीच्या पायथ्याला पालिकेची पडीक जागा असते, मार्चअखेर खर्च न झालेला थोडा निधी असतो, आणि नागरिकांच्या सभेत कुणीतरी उत्साहानं म्हणतं, ‘इथे देशी झाडांची सार्वजनिक बाग करू या.’ टाळ्या पडतात. त्या थांबता थांबता मागच्या रांगेतून प्रश्न येतो, ‘देशी म्हणजे नेमकी कुठली?’ तो विचारतात ते हिरवेसाहेब.

व्यवसायानं वास्तुरचनाकार. वय पंचावन्नच्या पुढे. अंगात खादीचा बिनइस्त्रीचा कुडता, कारण इस्त्रीला वीज लागते. खांद्याला गोणपाटाची पिशवी. तिच्यात भिंग, मोजपट्टी, तांब्याची बाटली आणि लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराच्या घरांचे मळून गेलेले फोटो. हे फोटो ते देवाच्या तसबिरीसारखे दाखवत नाहीत, पुराव्यासारखे दाखवतात. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं त्यांनी काचेच्या भिंतींची ऑफिसं बांधली. त्यांतल्या एका ऑफिसात वीज गेल्यावर माणसं जिना उतरेपर्यंत घामाघूम झाली, असं ते स्वतःच सांगतात. तेव्हापासून त्यांनी काच सोडली. काही लोक याच वयात मटण सोडतात.

झाडाकडे ते विमानतळावरचा पासपोर्ट तपासणारा अधिकारी पाहतो तसं पाहतात. गुलमोहर? मादागास्कर. पर्जन्यवृक्ष? दक्षिण अमेरिका. नीलमोहर? तोही तिथलाच. सुबाभूळ मेक्सिकोकडची, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि पुण्याच्या टेकड्या लांबून ज्या हिरव्या दिसतात त्यातला मोठा वाटा मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाचा. त्यांच्याबरोबर संध्याकाळी फिरायला जाणारा माणूस सावलीत बसू शकत नाही, कारण सावली कुठल्या देशाची आहे हे त्याला आधी ऐकावं लागतं. देवचाफ्यापाशी मात्र ते आवाज खाली आणतात. हे झाडही मध्य अमेरिकेतलं. देवळाच्या अंगणात उभं राहून हे मोठ्यानं बोलायला त्यांचंही मन धजत नाही.

बागेच्या जागेत एक जुनी चिंच होती. तिच्याखाली माळीमामांची सायकल, डबा आणि दुपारची झोप असा कायमचा मुक्काम. पहिल्याच पाहणीत हिरवेसाहेबांनी नकाशावर चिंचेभोवती लाल वर्तुळ काढलं.

“चिंच बी भाएरची?” मामांनी विचारलं.

“आफ्रिकेतली. फार जुन्या काळी आली, पण आली ती बाहेरूनच.”

मामांनी बराच वेळ वर फांद्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मंग हिच्यावरची हडळ? ती हितलीच का तिबी तिकडनंच आली?”

हिरवेसाहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्या वहीत ते काय लिहितात हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. चिंच मात्र वाचली. आपल्या राज्यात नागरी भागातली झाडं जपण्याचा कायदा 1975 पासून आहे, आणि तो झाडाला मूळ गाव विचारत नाही.

देशी झाडांबद्दल ते बोलायला लागले की ऐकत राहावं, हे कबूल केलं पाहिजे. पळस, पांगारा, काटेसावर, कुंभा, मेढशिंगी, वावळ, शिवण, ऐन, धायटी, मुरुडशेंग. एकेका नावाबरोबर कुठला पक्षी येतो, कुठलं फुलपाखरू कुठल्या पानावर अंडी घालतं, कुठल्या खोडाचं काय करत असत, हे सगळं त्यांच्या जिभेवर असतं. पण गोष्ट रंगात आली की त्यांना दाखला हवा असतो, आणि दाखला निघतो अमेरिकेतला. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लेडी बर्ड जॉन्सन यांनी 1982 साली रानफुलांसाठी संस्था काढली. लेडी बर्ड म्हणजे अमेरिकेच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी. त्या संस्थेच्या इमारतींच्या छपरांवरचं पावसाचं पाणी साठवून बागेला देतात, हे आता आमच्या बागेच्या चौकीदाराला सुद्धा पाठ आहे. “आपल्या मातीतलं आपण जपलं पाहिजे, हे त्यांना तिकडे कधीच कळलंय,” असं हिरवेसाहेब म्हणतात. आपल्या मातीतलं जपायला मुंबईतही कुणी बसलं आहे, धारावीला मिठी नदीच्या काठी कचऱ्याच्या डोंगरावर 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं आहे, हे त्यांना माहीत आहे. पण ते लोकलनं जाऊन पाहता येतं. त्यामुळे भाषणात त्याचा नंबर उशिरा लागतो.

खरा रंग इमारतीला चढला. बागेला एक लहानशी वास्तू हवी होती. बियाणं आणि अवजारं ठेवायला खोली, शाळेची पोरं बसतील असा ओटा, संडास, बस्स. पालिकेच्या मूळ आराखड्यात निळ्या पत्र्याची शेड होती, कारंजं होतं आणि शहरावर आपलं प्रेम आहे असं इंग्रजीत जाहीर करणारी माणसाएवढी अक्षरं होती. हिरवेसाहेबांनी तो आराखडा परत पाठवला, सोबत पत्र जोडून. कारंजं गेलं, अक्षरं गेली, शेड गेली. हे काम दुसऱ्या कुणाच्यानं झालं नसतं. आम्ही समितीवरचे बाकीचे लोक अक्षरांच्या रंगावर चर्चा करत बसलो होतो.

मग बांधायचं कशानं? इथे त्यांच्यातले दोन हिरवेसाहेब एकमेकांना भिडले. पहिला बेकरचा शिष्य. बर्मिंगहॅममध्ये 1917 साली जन्मलेला बेकर हा इंग्रज वास्तुरचनाकार पुढे केरळात कायमचा राहिला. 1940च्या दशकात मुंबईत बोटीची वाट पाहत असताना त्याची गांधीजींशी गाठ पडली. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, ही गांधीजींची कल्पना त्यानं जन्मभर धरून ठेवली. दुसरा हिरवेसाहेब मानांकनवाला. त्याला ताऱ्यांची हौस. हरित इमारतींना तारे आणि पदकं देणाऱ्या पद्धती आहेत. आपल्याकडची ‘गृह’, अमेरिकेतली ‘लीड’. सायकल ठेवायला जागा केली की गुण, पाण्याचा पुनर्वापर केला की गुण, सामान स्थानिक वापरलं की गुण. आता स्थानिक म्हणजे किती जवळचं? ‘लीड’च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 500 मैलांच्या आतलं सगळं स्थानिक धरत. म्हणजे सुमारे 800 किलोमीटर. पुण्यातून सरळ रेषेत मोजलं तर राजस्थानातलं कोटा त्यात बसतं.

गांधीजींचे पाच मैल आणि अमेरिकेचे पाचशे मैल यांच्यामध्ये आमची फरशी तीन महिने अडकून पडली. शेवटी निकाल माळीमामांनी दिला. पायासाठी खणलेल्या खड्ड्यातून निघालेला काळा दगड त्यांनी कडेला रचून ठेवला होता. तो दाखवून ते म्हणाले, “सायेब, ह्यो फुकाट हाय.” कोटा फरशीचे गुण बुडाले आणि ओट्याला काळा दगड लागला. त्या दिवशी हिरवेसाहेब दिवसभर गप्प होते. गांधीजी जिंकल्याचा आनंद आणि गुण गेल्याचं दुःख, दोन्ही एकाच कुडत्यात मावत नव्हतं.

भिंतींसाठी त्यांनी बेकरची लाडकी वीटरचना निवडली. तिचं नावच मुळी उंदराचा सापळा. विटा नेहमीसारख्या आडव्या न मांडता कडेवर उभ्या मांडायच्या, मध्ये पोकळी राहू द्यायची. विटा पाव हिश्श्याच्या आसपास वाचतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे बाहेरचं ऊन आत यायला वेळ लागतो. गवंडी कर्नाटकाच्या सीमेकडचा, चाळीस वर्षं थापी धरलेला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “सापळा म्हनताय, पर ह्यात उंदीर धरायचा का ठिवायचा?” स्लॅबच्या वेळी तर त्याचं डोकंच फिरलं. स्लॅबच्या खालच्या भागात ताण पडतो तो लोखंडी सळ्या घेतात. तिथलं काँक्रीट नुसतंच वजन वाढवतं, म्हणून त्या जागी मंगलोरी कौलं भरायची, असं शास्त्र आहे आणि ते पक्कं आहे. गवंड्यानं ते मान्य केलं, पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो सगळ्यांना सांगत होता की साहेबांनी छपरावरची कौलं स्लॅबच्या पोटात घातली.

चुन्याची कथा वेगळी. सिमेंट कमी करायचं म्हणून सांध्यांसाठी चुना, आणि चुन्यात जुन्या रीतीप्रमाणे हिरड्याचं पाणी आणि गूळ. गुळाची ढेप पहिल्या आठवड्यात संपली. दुसरी आणली, तीही संपली. भिंत मात्र दोन हातही वर आली नव्हती. चौकशीत निघालं की त्या पंधरवड्यात साइटवरचा चहा फार उत्तम होत होता. तिसऱ्या ढेपेपासून गुळाची किल्ली हिरवेसाहेबांच्या पिशवीत राहू लागली.

मुलांना दाखवण्यासाठी एक कुडाची भिंतही होती. बांबूचा ताटवा, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा. खरं म्हणजे त्यांना कारवी हवी होती, सात वर्षांनी एकदा फुलते ती. सह्याद्रीतल्या घरांच्या भिंती तिच्याच काड्यांच्या असत. पण ती रानातून आणायची तर वनखात्याची परवानगी, म्हणून बांबूवर भागलं. हिरवेसाहेब गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातानं शेण लिंपत होते. चेहऱ्यावर असा आनंद की वीज खात्याचा माणूसही थबकून पाहत राहिला. गवंड्यानं त्यांचा फोटो काढून गावाकडे बायकोला पाठवला. तिचं उत्तर त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं: ‘त्यांच्याकडं पैकं न्हाईत का?’

“सायेब,” तो नंतर म्हणाला, “आमी ह्येच घर पाडून स्लॅबचं बांधलं. पोरीचं लगीन जमंना कुडाच्या घरामुळं.”

यावर हिरवेसाहेबांकडे उत्तर नव्हतं. त्यांचं स्वतःचं घर नवव्या मजल्यावर आहे आणि दारात अरेका पाम आहे. अरेका पामही मादागास्करचा. तो बायकोचा आहे, असं ते विचारण्याआधीच सांगतात.

सगळ्यांत मोठा घोळ झाला सावलीचा, आणि तो घोळ पुस्तकाचा होता. थंड देशांतली पुस्तकं सांगतात की इमारतीच्या उन्हाच्या बाजूला पानगळीची झाडं लावा. उन्हाळ्यात सावली मिळते, हिवाळ्यात पानं झडली की ऊन आत येतं. हिरवेसाहेबांनी पश्चिमेला पळस, पांगारा आणि काटेसावर यांची रांग आखली. आता दख्खनच्या पठारावरचं झाड पानं टाकतं कधी? पाणी कमी झालं की. म्हणजे फेब्रुवारी-मार्चात. ऐन फाल्गुनात, दुपारच्या चारच्या उन्हात, ही तिन्ही झाडं नागडी उभी राहतात आणि लालभडक फुलतात. सौंदर्य अपार, सावली शून्य. हे मामांनी कागदावरची रांग पाहूनच सांगितलं होतं: “बैलं बी पळसाखाली बसत न्हाईत फाल्गुनात.” हिरवेसाहेबांनी वही काढली, लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी रांग उचलून पूर्वेला नेली. पश्चिमेला करंज आला. तो नवी पालवी वेळेत घेतो. देशी झाडांसाठीची इमारत देशी उन्हाच्या हिशेबानं फिरवावी लागते, हे आमच्या गावातल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आता ते त्या वहीत आहे.

पावसाचा हिशेब मात्र त्यांचा चोख. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमच्याकडे वर्षाला 700 मिलिमीटरच्या आगेमागे पडतो. छप्पर 200 चौरस मीटर. म्हणजे 1 लाख 40 हजार लिटर. सांडलवंड आणि पहिला धुळकट पाऊस सोडून देऊनही लाखभर लिटर हाताशी. ओट्याखाली टाकी बांधली. टाकीचं झाकण लावता लावता मामांनी विचारलं, “झाडं दोन-तीन वर्सांनी पानी मागनार न्हाईत म्हनलात. मंग ह्ये पानी कुनाला?” हिरवेसाहेबांनी रोपवाटिका सांगितली, संडास सांगितला, टंचाई सांगितली. मामांनी मान डोलावली. हल्ली मे महिन्यात शेजारच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन त्या टाकीवर येतात. मानांकनाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

भिंतींत हवेसाठी ठेवलेल्या विटांच्या जाळीमधून पश्चिमेचा वारा येतो. जूनमध्ये त्याच्याबरोबर पाऊसही येतो. पहिल्या पावसाळ्यात बियाण्याची पोती भिजली आणि खोलीतच वावळ उगवला. ‘नैसर्गिक पुनर्निर्मिती’ अशी त्याची अहवालात नोंद आहे. जाळीवर आता आतून आडोसा आहे, तोही बांबूचा.

उद्घाटन एकादशीला होतं. हिरवेसाहेबांनी प्लास्टिक नको, फ्लेक्स नको, बाटल्या नकोत असं तीनदा कळवलं होतं. ते सगळं पाळलं गेलं. पाहुण्यांना पळसाच्या पत्रावळीवर साबुदाण्याची खिचडी दिली. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची: चौघांचीही मूळ घरं अमेरिका खंडात. त्या पत्रावळीवर देशी म्हणावा असा फक्त उपास होता. हे हिरवेसाहेबांनाही ठाऊक आहे. “अन्न हा वेगळा विभाग,” असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेवढ्यात नगरसेवक आले. गळ्यात झेंडूचा हार, जो फुलझाडांच्या खानेसुमारीत मेक्सिकोचा. हातात वृक्षारोपणासाठी आणलेलं रोप, आणि ते होतं गुलमोहराचं. हिरवेसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी अत्यंत सौम्य शब्दांत मादागास्कर सांगितलं.

नगरसेवक मनापासून दुखावले. “गुलमोहर परदेशी? अहो, आमची अख्खी कॉलेजची वर्षं त्याच्याखाली गेली. ती पण परदेशी धरायची का?”

सभेत हशा झाला. तोडगा असा निघाला की ताम्हण बागेत लागला, राज्यफूल म्हणून त्याच्यासोबत फोटो झाले, आणि गुलमोहर कुंपणाच्या बाहेर, फूटपाथकडेला. खड्डा स्वतः हिरवेसाहेबांनी खणला. रोप मारणं त्यांच्या हातून होणारं नाही, मग ते कुठल्याही देशाचं असो. आता बहावा आणि ताम्हण बागेत फुलतात त्याच सुमाराला बाहेरचा गुलमोहरही फुलतो. मुलं-मुली सेल्फी काढतात त्या बाहेर उभं राहून.

इमारतीला आता तीन पावसाळे झाले. मे महिन्याच्या दुपारी त्या खोलीत पंखा न लावता बसता येतं, हे ज्यांना निळी शेड हवी होती तेही मान्य करतात, कारण तेच तिथे येऊन बसतात. उंदीर अजून आलेले नाहीत. मात्र गेल्या श्रावणात उत्तरेच्या भिंतीत, चुन्याच्या सांध्यात, पिंपळ उगवला. पक्ष्यांनी आणलेला, शंभर टक्के देशी. पिंपळाच्या मुळानं भिंत उलते हे शाळेतल्या पोरालाही कळतं. हिरवेसाहेब रोज येऊन भिंगातून त्याची पानं मोजत. काढावा तर कसा, ठेवावा तर कसा. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी तो जागेवर नव्हता. गवंडी दुसऱ्या कामावर जाता जाता थांबला होता, एवढं चौकीदार सांगतो. हिरवेसाहेबांनी कुणाला काही विचारलं नाही. सांधा मात्र नव्या चुन्यानं भरून घेतला, आणि त्या दिवशी गुळाची किल्ली चौकीदाराकडे विसरून गेले. संध्याकाळचा चहा गोड होता.

बाग सकाळ-संध्याकाळ उघडी असते आणि प्रवेश मोफत आहे. एप्रिलात गेलात तर गवत पिवळं पडलेलं आणि झाडं निष्पर्ण झालेली दिसतील. बाग मेली असा तक्रारअर्ज तेवढा पालिकेत देऊ नका. तो हिरवेसाहेबांकडे उत्तरासाठी येतो, आणि त्यांचं उत्तर कागद वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.